उणे एकावन्न

आज शाळा नाही. बाहेर उणे एकावन्न,
धुकं असं की समोरच्या घराचा धूरही दिसेना.
एरचिम खूश. अर्ध्या तासात कंटाळलेला.

तुयारा अंगणातून बर्फाची लादी आणते,
लेना नदीतून कापलेली, कडेला निळसर.
पिंपात सोडते. "पन्नास होत्या. किती उरल्या?"
खिडकीवर आतून गोठलेली वाफ
तो नखाने खरवडतो, तिथेच वजाबाकी मांडतो,
हातचा विसरतो.

पलंगावर धाकटी कुन्नेय. छातीत घरघर.
नर्सबाई फोनवर: एक मिनिट श्वास मोजा,
चाळीसच्या वर गेले तर गाडी पाठवते,
गाडी सुरू झाली तर.
आई मोजते. तिचं मोजणं मध्येच सुटतं.
"मी मोजतो."

घड्याळाचा काटा. झबल्यावरची फुलं वर, खाली.
सव्वीस, सत्तावीस. शेगडीत लाकूड तडकतं,
तो मान वळवत नाही.
अडतीस.
एकोणचाळीस.
काटा बारावर.

"चाळीसला एक कमी," तो हळूच सांगतो,
आणि कुणी न सांगता
पुन्हा एकपासून सुरू करतो.

खिडकीवरची वजाबाकी
अजून चुकलेलीच आहे.