ओढणी

रकाना चौथा : जहाजाचं नाव.
उस्मान बुरोंडकर जीभ आत वळवून बघतो.
गोऱ्यांनी ठेवलेलं ते नाव त्याला तेव्हाही धड आलं नव्हतं.
"आमी तिला ओढणी म्हणायचो. तेच लिवा."
मी लिहितो. शेजारी बारीक अक्षरात : टग, खोल समुद्रावरची.

रकाना पाचवा : कोणत्या लढाईत भाग घेतला.

तो दाभोळच्या जेटीकडे बघतो.
धोपाव्याहून होडी येतेय, निम्मी रिकामी.
"लढाई पुढं व्हायची, मास्तर. आमी मागनं.
जहाज लोळत पडलेलं असायचं, वराम उडालेला,
त्याला दोर लावायचा नि घरी आणायचं."

त्रेचाळीसचा रमजान. एडनपासून मुंबई,
एक तेलाचं जहाज, पोटाला दरवाजाएवढं भोक.
तेवीस दिवस, ताशी तीन मैल.
हा आगवाला. बंबासमोर रोजा.
नवव्या दिवशी सारंगाने दाढ उघडून पाणी ओतलं.
तो मोडलेला रोजा कुणाच्या नावावर लागला,
हे त्याला अजून कळलेलं नाही.

तोफ होती एक, मागच्या बाजूला.
उडाली नाही कधी.
तिच्या नळीवर बांगडे छान सुकायचे.

मग चितगावची वाट, मागे तरंगती गोदी, अख्खी वाडी ओढावी तशी.
"वायर तुटायच्या आधी गाते.
मग गप होते.
गप झाली का आडवं पडायचं."
हर्णैचा धर्मा चोगले उभा होता.
साहेबाच्या वहीत त्या दिवशी :
वायर तुटली, ऐंशी वाव. नवी मागवली.

एवढं सांगून तो पानाचा डबा उघडतो, मिटतो.

पासष्ट साली ती याच खाडीत आली, भंगारात.
एका मासेमारी लाँचीने ओढून आणली, तीही भाडं ठरवून.
हा गुडघाभर चिखलात उभा राहून बघत होता.
गॅसने कापायला तीन महिने लागले.
दोर बांधायचा लोखंडी खुंट याने चाळीस रुपयांना घेतला,
चौघांनी उचलून अंगणात पुरला.
त्यावर वायरीच्या खाचा आहेत, बोट जाईल इतक्या.
हल्ली तिथे शेळी बांधतात.

पाचवा रकाना कोराच.
असल्या जागी कचेरीत 'निरंक' लिहितात.
मी टाक बुडवतो, थांबतो.
"लिवा," तो म्हणतो, "मागनं पोचलो."

लिहिलं.
शाईचा पॅड पुढे केला तर त्याला राग आला.
टाक माझ्या हातून घेतला, कागद सरळ केला,
आणि सही केली उर्दूत, उजवीकडून डावीकडे,
हात हात दोर आत घेतल्यासारखी.

अर्जाचे आठ आणे मागायचे राहूनच गेले.