खिडकीकडे पाठ

पेनीशच्या बंदरावर, सार्डिनच्या कारखान्यात
पहिल्या दिवशी मी नवे बूट घालून गेले.
आठवड्याभरात त्यांना जो वास लागला
त्याबद्दल लिस्बनच्या ऑफिसात कुणी चकार शब्द काढला नाही,
फक्त लिफ्टमध्ये माझ्याभोवती जागा होत गेली.

पिशवीत आराखडा होता :
अकरा टेबलं, पट्ट्याच्या कडेनं, सरळ रांगेत.
आत्ता ती तिरकी, कुणी रागानं ढकलल्यासारखी.
त्यापायी प्रत्येक मासा सात पावलं जास्त चालायचा.
मेल्यावरही बिचाऱ्याची पायपीट, असं मी सभेत म्हटलं,
आणि मालक आबीलियो एकटाच हसला.

दिओलिंदानं, एकतीस वर्षं डोकी छाटणारीनं,
सुरी एप्रनला पुसली. विचारलं, "झालं?"
मी वहीत लिहिलं : बदलाला विरोध, तीव्र.
तेव्हा मला वाटायचं,
गोष्टीला नाव दिलं की ती अर्धी सुटते.

शनिवारी रात्री टेबलं हलवली.
सोमवारी डबे वाढले. मंगळवारीही.
बुधवारी सकाळी टेबलं पुन्हा तिरकी.
कुणी हलवली? कुणीच नाही.
दोन-दोनशे किलोचं पोलाद
आपल्या पायांनी चालत गेलेलं.

मफाल्दा, माझी वरिष्ठ, फोनवर म्हणाली, संवाद वाढव, पोस्टर लाव.
लावलं. दुपारपर्यंत त्यावर खवले चिकटले,
नेमके हसऱ्या चेहऱ्याच्या दातांवर.

हात दाखवून अवलक्षण.
मग मी एप्रन मागितला.

पहिल्याच दिवशी अंगठा कापला.
दुसऱ्या दिवशी कुणीतरी न बोलता माझी सुरी बदलली.
सहाव्या दिवशी, अकराच्या सुमाराला,
सगळ्या माना एकदम वर झाल्या.
खिडकीबाहेर धक्क्याच्या तोंडाशी
एक निळी बोट आत वळत होती.
दिओलिंदाच्या ओठांनी काहीतरी मोजलं,
आणि सुऱ्या पुन्हा खाली.

त्या रात्री मी टेबलांचा कोन मोजला.
अकराच्या अकरा, बंदराच्या तोंडाकडे.
खिडकी माझ्या आराखड्यातही होती,
एक आयत, आत शब्द : उजेड.

इथं थांबता आलं असतं.
अहवालाचं शेवटचं पान तयारच होतं, "माणसांचं ऐका."
पण डब्यांच्या खोलीत इव्होननं मला गाठलं.
तेवीस वर्षांची, नाक लाल.
"माझं कुणी समुद्रावर नाही.
नवरा फ्रान्समध्ये फरशा बसवतो.
त्या खिडकीतून वारा येतो, बाई, माझे गुडघे धरतात.
तुमच्या सरळ रांगेत दोन दिवस ऊब मिळाली.
आता तुम्हीही त्यांच्यातल्या झालात."

मी काहीच बोलले नाही.
चार वर्षांच्या नोकरीत
असं गप्प बसण्याचे पैसे मला कुणी दिले नव्हते.

दुसऱ्या दिवशी फरशीवर पाणी मारून घेतलं,
ती वाळेपर्यंत थांबले, आणि खडू दिओलिंदाच्या हातात दिला.
तिनं तो बराच वेळ बोटांत फिरवला
आणि इव्होनपुढे धरला.
मग भांडण झालं, खरंखुरं,
जुन्या उधाऱ्या आणि कुणाच्या तरी लग्नातल्या अपमानासकट.
आबीलियो दारात आला, मी त्याला बाहेर नेऊन कॉफी पाजली.
त्या दिवसाचं माझं कसब एवढंच.

सात टेबलं तिरकी राहिली, चार सरळ झाली,
भिंतीच्या उबेला.
मासा अजून चार पावलं जास्त चालतो.
"या चार पावलांचे पैसे कोण देणार?" आबीलियोनं विचारलं.
बिल करताना त्या दुपारपुढे काय लिहावं कळेना.
शेवटी लिहिलं : खडू, सत्तर सेंट.

फेब्रुवारीत पुन्हा तिकडे गेले.
काचेवर वाफ होती. आणखी एक टेबल फिरलेलं दिसलं,
कुठल्या बाजूला, ते बाहेरून कळेना.
वही गाडीतच ठेवली
आणि विचारायला आत गेले.