साक्षीदार क्रमांक चार

अकरावीतले आम्ही तिघं, हिंगोलीच्या सत्र न्यायालयात,
बोरगड वकीलबाईंच्या मागं मागं.
फाईल धरायची. बोलायचं नाही.

पुकारा झाला.
सेनगावकडचा एक पंक्चरवाला
पिंजऱ्यात चढताना चपला खाली सोडून आला.

"म्या दुकान लावू लागलो व्हतो. वरडलं कुणीतरी.
पुढचं मह्या ध्यानात नाय साहेब,
अंधारच लई व्हता."

साहेबांनी टंकलेखकाला सांगितलं,
'मी घटना प्रत्यक्ष पाहिलेली नाही.'
खडखड थांबेपर्यंत
सगळा माणूस एका ओळीत बसला होता.

मग बाईंनीच,
ज्यांनी समन्स काढून त्याला बोलावलं त्यांनीच,
परवानगी घेऊन त्याला फितूर ठरवलं
आणि उलट विचारायला लागल्या.
आरोपीच्या बाकावर कुणीतरी खोकललं.
तेवढंच.

शाळेच्या तक्त्यात रकाना आहे, आज काय शिकलात?
वाजीदनं कलमं लिहिली. आसावरीनं लिहिलं, शिस्त.
मी लिहिलं, मह्या.
सातवीत निबंधात आला म्हणून
सरांनी लाल रेघ मारलेला शब्द.

दुपारी चहाच्या टपरीवर तोच भेटला,
बशीत फुंकर घालत.
"कितवीत हाईस बाई?"
अकरावीत म्हणाले.
"वकील व्हतीस?"
मी काही बोलले नाही.

बशी ठेवता ठेवता, माझ्याकडं न बघता,
"खांबावर लाईट व्हती की," म्हणाला,
आणि सेनगावच्या गाडीकडं गेला.

रकाना दोनच ओळींचा आहे.
बाईंना मी अजून सांगितलेलं नाही.