पासंग

रविवारी सकाळी सातला
लोकमान्य नगरातल्या बंद रेशन दुकानाचं शटर
आम्ही चौघी वर ढकलतो.
ते गुडघ्यापर्यंत येतं आणि अडतं.
मग दिघे सर, भूमितीचे, निवृत्त,
नेमक्या कोनात एक लाथ घालतात.

आत अजून जुनी पाटी : रॉकेल शिल्लक नाही.
ती काढायची राहिली.
तिच्याखाली तराजू टांगला.

तराजू हातोदच्या गेंदालालच्या वडिलांचा,
एक पारडं किंचित जड.
पहिल्याच दिवशी कुणी पुटपुटलं,
बघा, सुरुवातच अशी.
सोरमबाईनं रस्त्यावरचा खडा उचलला,
चिंधीत बांधून हलक्या बाजूला लटकवला.
काटा मधोमध.
"अबे देखी लो," म्हणाली,
आणि मेथीच्या जुड्या सोडायला बसली.

अमका तमक्याच्या पासंगालाही पुरत नाही,
असं माझी आई येताजाता म्हणायची.
मला वाटायचं, पासंग म्हणजे
काहीतरी फारच फालतू.

मी वही लिहिते.
बत्तीस घरं, एक मेस, सहा शेतं.
पैसे पेरणीआधी, भाजी नंतर.
मधल्या दिवसांसाठी
वहीत रकाना नव्हता.

बालम काकडी हातभर लांब,
मंडीच्या क्रेटमध्ये मावेना,
म्हणून गावानं ती लावणंच सोडलेलं.
सुपेकरांच्या मेसनं रोजच्या दहा मागितल्या.
बी निघालं एकट्या रामकुँवरकडे,
राखेत घोळवलेलं, बिस्किटाच्या डब्यात.
पोरांनी कोशिंबीर खाल्ली आणि विचारलं,
हा पपई आहे का?

फेब्रुवारीत चोइथराम मंडीत टोमॅटो दोन रुपये.
आमच्या वहीत ठरलेला अठरा.
अकरा घरांची पिशवी आलीच नाही.
एकाकडे ताप, एकाकडे लग्न,
बाकीचे मला रिक्षातून उतरताना दिसले.
मला पाहून त्यांनी
पिशवी दुसऱ्या हातात घेतली.
माझी पिशवी आली होती.
पण फ्रिजच्या तळाशी, खरं सांगते,
दोनवालेही होते किलोभर.

जुलैत भाव नव्वद.
वहीत अठराच.
गेंदालालचा टेम्पो अर्धा रिकामा आला.
बाकीचा माल?
त्यानं पंचानं मान पुसली,
आभाळाकडे पाहिलं.
आभाळात काही नव्हतं.
मी वही मिटली, फार जोरात.
पेनाचं टोपण कुठे उडालं कळलं नाही.

सोरमबाई म्हणाली, खोल, फेब्रुवारी खोल.
तिला अक्षर येत नाही,
कोऱ्या जागा मोजता येतात.
बोट एकेका जागेवर टेकवत गेली.
अकरा.
"हमारा भी इत्ता ज गया, भाभी.
ग्यारा क्रेट."

हिशेब जुळला.
पण त्या दिवशी कुणी कुणाला
चहा विचारला नाही.

पुढल्या रविवारी पोहे आले, वर सेव,
आणि भांडण नऊपर्यंत चाललं.
सुपेकर उठून गेले, परत आले,
चप्पल विसरले होते म्हणून आले,
मग बसलेच.
ठरलं इतकंच : एक डबा.
भाव चढला की घरांनी किलोमागे चार त्यात टाकायचे,
पडला की शेतांनी.
ज्याचं पीक बुडेल
त्यानं न विचारता उघडायचा.
कुलूप लावावं का, यावर मतं पडली.
ती अजून मोजायची आहेत.

परवा चिंधी झिजून खडा पडला.
बत्तीस घरांची माणसं वाकून रस्ता शोधू लागली.
खडे तर शेकडो,
तोच हवा होता.
दिघे सरांनी आवळा लावून पाहिला, जास्त झाला.
लसणाची गड्डी कमी.
कुणीतरी म्हणालं, इलेक्ट्रॉनिक काटा आहे ना?
आहे. सेल नाहीत.

शेवटी मी कमरेची किल्ली काढून दिली.
काटा हलला, थांबला,
अगदी मधोमध नाही,
पण सोरमबाईनं मान डोलावली.

पाच किलो बटाटे, तीन किलो वांगी,
रांग सरकत राहिली.
त्या दिवशी सगळ्यांची भाजी तोलून होईपर्यंत
मला घरी जाता आलं नाही.