सेकंडचा माल

पहिल्यांदा गणितात गेले.
पंचवीस टक्क्यांची एक रेघ असते,
तिच्या अलीकडे, सात गुणांवर,
फाटक पडल्यावर सायकल धरून उभं राहावं
तशी मी.

दुसऱ्यांदा लेखी निघाली. भोपाळला गेले.
छातीवर कापडी बिल्ला, क्रमांक चौदा.
पडद्यावर अर्धं मिनिट एक धूसर चित्र,
त्यावरून गोष्ट लिहायची.
मी लिहिलं : माग बंद पडलाय
आणि बाई दिव्याखाली तुटलेला धागा शोधते आहे.
बाकीच्यांच्या गोष्टींत पूर आला होता,
जो तो कुणाला तरी वाचवत होता.
संध्याकाळच्या आत बिल्ला परत घेतला,
गाडीभाडं मात्र दिलं, मोजून, सही घेऊन.

आता तिसरी वेळ. अर्जात
जन्मतारखेपाशी बोट अडलं.
यंदाच्या एप्रिलनंतर ही तारीख
त्यांना चालणार नाही.

"परत तीच परीक्षा?" साखर पेठेतली अत्ता म्हणाली,
"मग पुस्तकं तरी नवी घे."
पुस्तकं तीच. त्रिकोणमितीच्या पानावर
शेंगाचटणीचा तेलकट डाग,
मागच्या सप्टेंबरचा.

नान्ना टॉवेलच्या कारखान्यात, बारा तास.
धागा तुटला की माग आपला आपण थांबतो,
ते गाठ मारतात, बोटांकडे न बघता.
गाठ दिसली तर माल सेकंडमध्ये जातो :
शिक्का नाही, भाव अर्धा, मंगळवार बाजार.
आमच्या घरात पांघरायचं सगळं सेकंडचं.
लहानपणी अंधारात मी गाठी मोजत झोपायचे.
मोरांच्या निळ्या चादरीला अकरा.
बाराव्या गाठीपर्यंत
कधी जागी राहिले नाही.

पहाटे साडेचारला होम मैदान.
गड्ड्याच्या दिवसांत पाळण्यांच्या खांबांमधून धावायचे,
झोपलेला राखणदार पांघरुणातूनच ओरडायचा,
"ए पोरी, तिकीट!"

हिप्परगी सर सायकलच्या दुकानावरच्या खोलीत शिकवतात.
खालून पंक्चरच्या सोल्युशनचा वास,
वर संभाव्यता.
माझा भोपाळचा कागद त्यांनी पाहिलाच नाही,
त्याआधीची उत्तरं तेवढी मागितली.
बराच वेळ पेन्सिल फिरवली, मग म्हणाले,
"येतं ते तू सोडवतेस.
येत नाही ते सोडत नाहीस.
चुकलं की कापतात, बाई.
कोऱ्याला कुणी कापत नाही."
मी वाद घातला. कोरं ठेवायचं म्हणजे
हरल्यासारखं वाटतं, म्हणाले.
ते खडू शोधत होते. खडू संपला होता.

हे शिकायला तीन महिने लागले.
त्रेचाळीस अंशांच्या दुपारी, भिजवलेला टॉवेल डोक्यावर,
समोर घड्याळ, आणि हात आवरायचा.
गणित त्या मानाने सोपं होतं.

शनिवारच्या गाडीने पुणे.
रविवारी सकाळी पेपर उघडला, आणि सत्तेचाळिसावा प्रश्न
ओळखीचा निघाला :
पिशवी, लाल चेंडू, निळे चेंडू.
याच्याच भावकीतल्या एकाने
पहिल्या वेळी मला खाल्लं होतं.
पेन गोलाच्या वर आलं, तिथेच थांबलं.
शेजारच्या मुलाचा पाय हलत होता,
माझं बाकही त्याच्याबरोबर.
पान उलटलं.

संध्याकाळी स्टेशनवरून फोन केला.
नान्नांची जादा पाळी, मागे दहा मागांचा खडखडाट.
कसा गेला, असं त्यांनी विचारलं नाही.
"किती सोडलीस?"
"एकोणीस."
"हं," म्हणाले. मग,
"थांब, तुटलाय."

फोन कुठेतरी ठेवल्याचा आवाज.
बाकीचे नऊ चालूच, त्यांचा एक बंद.
इकडे फलाटावर कुणीतरी बॅग सरकवायला सांगत होतं.
मी कानाला फोन घट्ट धरून मोजत राहिले.
अकरापर्यंत काही नाही.
बाराव्याला
माग सुरू झाला.