पोर्व्हेनीरमध्ये, दाराचं रबर

जुनं रबर निघालं नाही, भुगा झालं.
खाचेतून विन्कोने ब्रशने काढली
पन्नास वर्षांची वाळू, मेंढीची लोकर
आणि दानित्साची एक केसांची पिन.
ती त्याने खिशात टाकली.

नवं रबर सांतियागोहून आलं,
खोक्यात धामणीसारखं वेटोळं घालून.
साबणाचं पाणी लावत, अंगठ्याने दाबत
तो कोपऱ्यापाशी थांबला.
कोपऱ्यावर ओढायचं नसतं.
ओढलेलं रबर थंडीत आखडतं
आणि नेमकं तिथेच दगा देतं.
कासार बांगडी भरताना
बोलत बोलत हात मऊ करतो,
तसा तो बराच वेळ त्या पत्र्याशी बोलला.

दार लागेना.
"आपटा की," ल्युबित्सा म्हणाली.
"आपटायला इथे वारा आहे, पोरी."
खांदा लावून त्याने दार
हळूच आत बसवलं. टक्.

फेरीचं जुनं तिकीट फटीत धरून
ती ओढत गेली, खालून वर.
बिजागरीशी ते सहज सुटून आलं,
मग सुटेना,
मग फाटलं.

दोघं आत बसली.
बाहेर कुंपणाचा पत्रा उचलत होता,
धूळ आडवी धावत होती,
आत फक्त गोंदाचा वास.

नव्वदला हे डावं दार शीळ घालायचं.
वळणावरची ती शीळ ऐकून
दानित्सा घरी किटली चढवायची.

विन्कोने काचेचं हँडल फिरवलं,
बोटभर.
वारा आत आला,
पण गाडी उभी होती,
शीळ काही वाजली नाही.