अंगठ्याशेजारचं बोट

जेएएचच्या ओपीडीत डॉक्टर निगमनं
माझा पाय उचलून सरळ आपल्या गुडघ्यावर ठेवला.
मीच ओशाळले.
बाहेर लष्करभर धुकं,
मोजा काढताना लोकर कुरुपाला चिकटून आलेली.

"हॅमर टो," तो म्हणाला.
मधल्या पेराशी उभारलेलं, टोकाशी खाली वळलेलं,
खिळा शोधत बसलेली हातोडीच जणू.
"कब से है?"

कधीपासून?
एकोणऐंशी सालचा मार्गशीर्ष धरा.
जनकगंजात माईआत्या माझ्या पावलांकडे बघत राहिली:
अंगठ्याहून लांब!
अशी मुलगी नवऱ्याला धाकात ठेवते म्हणे.
"पाहुण्यांपुढे बोट आवळून बस हो, मालू."
बसले.
झाशीचे पाहुणे आले, गेले, होकार आला,
जोडवी चढली,
पण बोटाला कुणी सांगितलंच नाही
की आता सोड.

मग कन्याशाळेत पीटी टीचर.
एकतीस वर्षं पांढरे कॅनव्हास, पाच नंबर.
पाटणकर बाजारातला दुकानदार म्हणायचा,
लेडीज में इससे बड़ा नहीं आता, बहनजी,
आणि मी मान डोलवायचे.
आत कसं मावायचं ते बोटानं बघावं.
मैदानात मी ओरडायचे, सावधान! विश्राम!
चारशे मुली सैल व्हायच्या.
बुटातलं ते एक
तसंच, सावधान.

कुरूप म्हणतात त्याला आपल्यात.
कुणाला सुचला असेल हा शब्द,
दुखण्यालाही आणि रूपालाही एकच?
दर रविवारी मी ह्यांच्या दाढीच्या ब्लेडनं
त्याचा पापुद्रा काढायचे.
निगमनं हे ऐकलं आणि पहिल्यांदा आवाज चढवला:
शुगर आहे तुम्हाला, ब्लेड लावायचं नाही,
एक जखम झाली तर बोट राहील की नाही सांगता येत नाही.

मग दोन चिमटींत धरून
त्यानं ते हळूच सरळ केलं.
झालं!
चाळीस वर्षांनी, क्षणभर, पूर्ण लांबीचं.
सोडल्यावर पुन्हा आपल्या जागी गेलं,
बोलावल्याशिवाय न बोलणाऱ्या सुनेसारखं.
"अजून वळतंय," तो खूश झाला.
आत दोऱ्या असतात, एक वरून ओढते, एक खालून,
एकीचंच चाललं की सांधा वाकतो.
सांधा पार ताठला की ऑपरेशन.
तुमचं आत्ता नाही. पुढं बघू.
बुटाला पुढून रुंदी द्या, कुरुपावर गादी,
रोज हातानं ओढा,
आणि जमिनीवर टॉवेल टाकून बोटांनी गोळा करा.

सराफ्यात जोडवं कापावं लागलं,
पेराच्या गाठीवरून ते निघेना.
सोनाराची पक्कड अडखळली:
"भाईसाहब... ठीक तो हैं?"
आहेत हो, बाहेर स्कूटरवर बसून गजक खातायत.

संध्याकाळी टॉवेल अंथरला.
हे समोर पेपर घेऊन.
माझी बोटं खरखरली, कापड इंचभर सरकलं,
पोटरीत गोळा आला, मी शिवी हासडली.
ह्यांनी चष्मा कपाळावर नेला,
मोजे काढले,
माझ्याशेजारी पाय पसरून टॉवेलचं दुसरं टोक पकडलं.
तेव्हा दिसलं.
ह्यांचंही अंगठ्याशेजारचं बोट लांब,
माझ्याहून अर्धा पेर जास्तच.
"तुमच्याकडं काय म्हणायचे ह्याला?" मी विचारलं.
"कशाला?" हे म्हणाले.

रामसनेही मोची पेपरवर पाय ठेवायला सांगतो,
पेन्सिल उभी धरून भोवतीनं फिरवतो.
गुदगुल्या होतात.
मी बोट आवळते, तो थांबतो.
"ढीला छोड़ो, मास्टरनीजी."
सोडते. पुन्हा आवळलं जातं. पुन्हा सोडते.
पेन्सिल अंगठा ओलांडून वर जाते,
कालच्या लग्नाच्या जाहिरातींवरून एक वळसा घेते,
आणि तो न बघताच
पोराला आवाज देतो:
सात नंबर का फर्मा ला,
चौड़ा वाला.